राष्ट्रपतींची सही आणि आपला अर्ज

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून दिलेले)



दरवर्षी वर्धापन दिनाला एखाद्या प्राध्यापकांचे नाहीतर वकीलसाहेबांचे भाषण असते. यंदा कमिटीने ही जबाबदारी आमच्यावर टाकली. आम्ही काही विद्वान नाही. नववीपर्यंत शाळा झाली, पुढे गिरणीचे साचे खाते हेच आमचे कॉलेज. जे काही वाचले ते रात्रपाळी करून आल्यावर, विहाराच्या या कपाटातली पुस्तके आणि रद्दीवाल्याकडून आणलेली पुस्तके. त्यात भारताचे संविधान आम्ही तीनदा वाचले. पहिल्यांदा काही समजले नाही, दुसऱ्यांदा शंका आल्या, तिसऱ्यांदा गोडी लागली. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

विषय आहे राष्ट्रपतींचे अधिकार आणि सरकारचा कारभार. तुम्ही म्हणाल, हा विषय आपल्या चाळीत कशाला? त्याचे कारण सांगतो.

मागे आपल्या वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या अकरा मुलांची शिष्यवृत्ती अडकली होती. मुले हेलपाटे घालून थकली. कोणी म्हणे बँकेत अडकली, कोणी म्हणे मंत्रालयात अडकली. शेवटी पोरे चिडली. म्हणाली, "काका, आता थेट राष्ट्रपतींनाच लिहायचं. देशाचा सगळ्यात मोठा माणूस. एक सही झाली की खालचे सगळे हलतील." आम्हीही उत्साहात होतो. याच विहारात बसून निवेदन लिहिले, घरोघर फिरून दीडशे सह्या घेतल्या, आणि रजिस्टर पोस्टाने दिल्लीला पाठवले. महिला मंडळाने पोस्टाचे पैसे दिले.

दोन महिन्यांनी उत्तर आले. आपले निवेदन पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी राज्य शासनाकडे पाठविण्यात आले आहे. बस. एवढेच.

त्या दिवशी एका पोराने आम्हाला विचारले, "काका, राष्ट्रपतींना पण काही करता येत नाही, तर मग ते आहेत कशाला?" आम्हाला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या पोराला दिलेले उत्तर आहे. उशीर झाला, पण देतो.

बंधुभगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजीच देऊन ठेवले आहे. त्या दिवशी त्यांनी संविधानाचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. तेव्हा त्यांनी सभासदांना आधीच बजावले, की राष्ट्रपती हे नाव ऐकून अमेरिकेचा अध्यक्ष डोळ्यांपुढे आणू नका. नाव सारखे असले तरी दोघांत काही साम्य नाही. अमेरिकेत सगळा कारभार अध्यक्षाच्या हातात असतो. त्याचे सचिव त्याने नेमायचे, त्यानेच काढायचे, त्यांचा सल्ला ऐकायचे बंधन त्याच्यावर नाही. आपल्या राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे. ते राज्याचे प्रमुख आहेत, पण कारभाराचे प्रमुख नाहीत. राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतात, पण राज्य करीत नाहीत. राष्ट्राचा निर्णय झाला की तो ज्या शिक्क्याने जाहीर होतो, त्या शिक्क्यासारखे त्यांचे स्थान.

आता अशी रचना का केली? तेही बाबासाहेबांनी सांगितले. सरकारकडून दोन गोष्टी हव्या असतात. एक स्थैर्य, म्हणजे सरकार टिकले पाहिजे. दुसरी जबाबदारी, म्हणजे सरकारने जाब दिला पाहिजे. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी जास्त, स्थैर्य कमी. तिथे सरकारची झडती रोजच्या रोज होते. सभागृहात प्रश्न विचारतात, ठराव आणतात, अविश्वास आणतात. आणि पाच वर्षांनी जनता झडती घेते ती वेगळीच. बाबासाहेबांनी आपल्यासाठी जास्त जबाबदारीची पद्धत निवडली. ज्या समाजाने हजारो वर्षे बिनजबाबदार सत्ता अंगावर सोसली, त्या समाजाच्या माणसाने जाब विचारण्याचा हक्क पहिला निवडावा, यात नवल ते काय?

आता संविधानात प्रत्यक्ष काय लिहिले आहे ते पाहू. अनुच्छेद ५३ म्हणतो, संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी राहील. हे एवढेच वाचले तर वाटेल, सगळे त्यांच्याच हातात आहे. पण पुढे अनुच्छेद ७४ आहे. राष्ट्रपतींना सल्ला देण्यासाठी प्रधानमंत्र्यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद राहील. मग ७५ आहे. ती मंत्रिपरिषद लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील. आणि ७७ म्हणतो, सरकारची प्रत्येक कृती राष्ट्रपतींच्या नावाने व्यक्त होईल. म्हणून सरकारी आदेशाच्या खाली "राष्ट्रपतींच्या आदेशानुसार व नावाने" असे छापलेले असते आणि सही असते एखाद्या अवर सचिवाची.

हे समजायला आपली विहार कमिटी घ्या. पावती पुस्तकावर नाव अध्यक्षांचे. पण अध्यक्षांनी एकट्याने ठरवून भिंत पाडता येते का? नाही. सभा भरते, ठराव होतो, सूचक-अनुमोदक लिहितात, मग अध्यक्ष सही करतात. हिशोबात चूक निघाली तर सर्वसाधारण सभेत जाब खजिनदाराला आणि कमिटीला द्यावा लागतो. तसेच दिल्लीचे आहे. फरक एवढाच की आपला ठराव पाच मिनिटांत होतो.

सुरुवातीला ७४ व्या अनुच्छेदात, सल्ल्याप्रमाणे वागलेच पाहिजे असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले नव्हते. ती इंग्लंडकडून आलेली रूढी होती. १९५१ साली हिंदू कोड बिलाच्या वेळी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पंडित नेहरूंना कळवले, की या विधेयकाबाबत आपण स्वतःच्या मताप्रमाणे वागू इच्छितो. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर या दोघांचे मत घेतले. दोघांनीही सांगितले, राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचे. म्हणजे ते बिल राष्ट्रपतींच्या सहीपाशी अडले नाही. ते सरकार आणि संसदेतच रखडले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५ आणि १९५६ साली त्याचेच तुकडे विवाह कायदा, वारसा कायदा म्हणून मंजूर झाले, तेव्हा राजेंद्रबाबूंनीच त्यावर सह्या केल्या. आपल्या आया-बहिणींनी हे लक्षात ठेवावे. अडवणूक कोठे होते ते नीट ओळखले नाही, तर राग भलत्याच माणसावर निघतो.

१९७४ साली सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी शमशेर सिंग खटल्यात हाच अर्थ पक्का केला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो संविधानात लिहिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींना एक खिडकी उघडून दिली. सल्ला पटला नाही तर तो फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येतो. पण पुन्हा तोच सल्ला आला तर मानावा लागतो.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. १९८२ चा संप तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. आमचे वडील साच्यांवर होते. घरात काय दिवस काढले ते सांगत बसत नाही. गिरणगावात प्रत्येक घराची तीच कथा आहे. १८ ऑक्टोबर १९८३ ला बातमी आली, मुंबईच्या १३ गिरण्यांचा कारभार केंद्र सरकारने ताब्यात घेतला. वडिलांची गिरणी त्या तेरात होती. आम्ही तेव्हा सातवीत होतो. वडिलांनी शेजाऱ्याकडून पेपर आणला आणि आम्हाला म्हणाले, "वाच, यात वटहुकूम म्हणजे काय लिहिलंय?" तो शब्द आम्ही आयुष्यात पहिल्यांदा वाचला.

अनुच्छेद १२३. संसदेचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज असेल, तर राष्ट्रपती वटहुकूम काढू शकतात. त्याची ताकद कायद्याइतकीच. पण संसद भरली की तो दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो, आणि संसद भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. आमच्या वडिलांच्या वेळी पुढे तसा कायदा झाला. वडील म्हणायचे, राष्ट्रपतींनी आमची गिरणी वाचवली. आम्हीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. मोठेपणी कळले की वटहुकुमावर सही राष्ट्रपतींची असली तरी निर्णय मंत्रिमंडळाचा. तो चांगला असला तरी त्यांचा, वाईट असला तरी त्यांचा. ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली, म्हणून आज सांगतो.

या वटहुकुमाचा गैरवापरही होतो. पुण्याच्या गोखले संस्थेतले अभ्यासक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची कागदपत्रे तपासली. तिथे राज्यपालांच्या नावाने १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले होते. विधानसभेपुढे न नेता, संपला की पुन्हा काढायचा, असे करून काही वटहुकूम तब्बल चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले होते. वाधवा सुप्रीम कोर्टात गेले, आणि १९८६ साली कोर्टाने ही पद्धत म्हणजे संविधानाची फसवणूक आहे असे ठरवले. हे शोधून काढणारा माणूस मंत्री नव्हता, आमदार नव्हता. कागद वाचणारा माणूस होता. पोरांनो, हे ध्यानात घ्या.

आता दोन रात्री सांगतो. पहिली रात्र २५ जून १९७५. मध्यरात्रीच्या सुमाराला राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झालेलीच नव्हती. मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बोलावून सांगण्यात आले. हे कसे चालले? सरकारच्या कामकाजाचे १९६१ चे नियम आहेत. त्यात नियम १२ आहे. त्याप्रमाणे प्रधानमंत्री गरज वाटली तर ठरलेल्या पद्धतीला फाटा देऊ शकतात. श्रीमती इंदिरा गांधींनी राष्ट्रपतींना लिहिलेल्या पत्रात याच नियमाचा आधार घेतला होता.

पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने हे दार बंद केले. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही. शिवाय पूर्वी "अंतर्गत अशांतता" एवढे कारण पुरत होते, त्या जागी "सशस्त्र बंड" असे शब्द घातले.

पण दार बंद झाले ते फक्त आणीबाणीचे. दुसरी रात्र आपल्या महाराष्ट्रातली. १२ नोव्हेंबर २०१९ ला राज्यात राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली, आणि त्याच सकाळी आपण चहा घेत असताना टीव्हीवर नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झालेला पाहिला. तेव्हाही मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. तोच नियम १२ वापरला होता. सुप्रीम कोर्टाने २६ नोव्हेंबरला हुकूम दिला, दुसऱ्या दिवशी विधानसभेत बहुमत सिद्ध करा. त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. २६ नोव्हेंबर म्हणजे आपला संविधान दिन, हे सांगायला नको.

आम्ही इथे कुठल्या पक्षाची बाजू घेत नाही. विहार हे पक्षाचे व्यासपीठ नाही. एक रात्र एका पक्षाच्या राज्यात झाली, दुसरी दुसऱ्या पक्षाच्या. सांगायचे ते एवढेच, की राष्ट्रपतींच्या सहीआधी जे चार लोक एकत्र बसून विचार करायचे असतात, ते बसले का, हे आपण विचारले पाहिजे. दिवसा उजेडी, सगळ्यांना बसवून घेतलेला निर्णय चुकला तरी त्याचा जाब विचारता येतो.

राष्ट्रपती राजवटीचा तो अनुच्छेद ३५६. तो कागदावरच राहावा, वापरायची वेळ येऊ नये, अशी आशा बाबासाहेबांनी घटना समितीत व्यक्त केली होती. ती आशा फळाला आली नाही. अनेक राज्यांत अनेकदा तो वापरला गेला. महाराष्ट्रात १९८०, २०१४ आणि २०१९ असा तीनदा. शेवटी १९९४ साली बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी सांगितले, सरकारला बहुमत आहे की नाही हे राजभवनात ठरत नाही, विधानसभेत ठरते.

मग त्या पोराचा प्रश्न पुन्हा येतो. राष्ट्रपती आहेत कशाला? शिक्का तर लाकडाचा पण असतो.

नाही, बंधूंनो. इथे माणूस महत्त्वाचा आहे. के. आर. नारायणन यांचे उदाहरण घ्या. केरळातल्या उझवूर गावच्या गरीब दलित कुटुंबात जन्मलेला हा माणूस २५ जुलै १९९७ रोजी राष्ट्रपती झाला. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस केली. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली. सरकारने माघार घेतली. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने बिहारसाठी शिफारस केली. तीही परत पाठवली. दोन वेगळ्या पक्षांची सरकारे, पण मोजमाप एकच. त्यांनी कोणाचे सरकार पाडले नाही, कोणाचे वाचवले नाही. फक्त म्हटले, पुन्हा एकदा विचार करा. ४४ व्या दुरुस्तीने जी एक खिडकी ठेवली होती, तिचा उपयोग त्यांनी केला.

अशीच खिडकी विधेयकांच्या बाबतीत अनुच्छेद १११ मध्ये आहे. २००६ साली डॉ. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांबाबतचे विधेयक परत पाठवले. संसदेने ते पुन्हा तसेच मंजूर केले आणि कलामांनी सही केली. कारण दुसऱ्यांदा आले की सही करणे भाग. ग्यानी झैलसिंग यांनी लोकांची पत्रे उघडण्याचा अधिकार देणाऱ्या टपाल विधेयकावर १९८६ मध्ये सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. त्याला मुदत लिहिलेली नाही, म्हणून ते तसेच पडून राहिले. पुढे त्याचा कायदा झालाच नाही.

आता एक नाजूक गोष्ट बोलतो. नारायणन यांच्यानंतर २०१७ साली रामनाथ कोविंद हे दुसरे दलित राष्ट्रपती झाले. २५ जुलै २०२२ रोजी श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनी शपथ घेतली. आदिवासी समाजातून त्या पदावर गेलेल्या त्या पहिल्या. आपल्या वस्तीत अशा वेळी पेढे वाटले जातात, आणि आम्हीही खाल्ले आहेत. आनंद व्हायलाच पाहिजे. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांना लष्कराचे तिन्ही दल सलामी देतात, ही लहान गोष्ट नाही. पण आनंदात असे समजू नका की आपला माणूस वर बसला, आता आपली कामे होतील. त्या खुर्चीची रचनाच अशी आहे की ती कोणा एका समाजाचे काम करू शकत नाही. आणि करू नये. शपथ पाहा. राष्ट्रपती शपथ घेतात की आम्ही संविधानाचे जतन, संरक्षण आणि बचाव करू. आपल्या सगळ्यांसाठी तेच सर्वांत मोठे काम आहे.

आता शेवटची आणि मनाला लागलेली गोष्ट. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींच्या नावाने अनुसूचित जातींचा आदेश निघाला. अनुच्छेद ३४१ खाली. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते, की हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. आणि त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, नागपूरला आपण बौद्ध झालो. पण त्या आदेशात बौद्धांचे नाव नव्हते.

महाराष्ट्राने १९६० साली नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्रात मात्र नाही. आमचे धाकटे चुलते १९७४ साली मॅट्रिक झाले. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात राखीव जागेसाठी फॉर्म भरला. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले. तिथल्या बाबूंनी चांगुलपणाने सांगितले, "अहो, हिंदू लिहा, पुढे पाठवतो. सगळे तसंच करतात." चुलते म्हणाले, "बाबासाहेबांनी दिलेला धम्म एका रकान्यासाठी सोडायचा असता, तर घेतला कशाला?" फॉर्म घेऊन परत आले. पुढे आयुष्यभर गिरणीत बदली कामगार. ज्यांनी त्या काळी हिंदू लिहिले त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. पोटाला चिमटा बसला की काय होते ते आम्ही पाहिले आहे. पण चुलत्यांची ती मान ताठ होती, एवढे सांगतो.

त्या काळात चाळीचाळीतून राष्ट्रपतींना तारा गेल्या, निवेदने गेली. आदेश राष्ट्रपतींचा, तर बदलही तेच करतील, असा साधा हिशोब. पण अनुच्छेद ३४१ चा दुसरा खंड कोणी वाचला नव्हता. एकदा यादी जाहीर झाली की तिच्यात भर घालणे किंवा वगळणे हे फक्त संसद करू शकते, कायद्याने. ज्याच्या नावाचा आदेश, त्याच्या हातात बदल नाही! अखेर १९९० साली, व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात, संसदेने कायदा करून बौद्धांचे नाव घातले. १९५६ ते १९९०. चौतीस वर्षे. तोवर चुलत्यांचे वय निघून गेले होते. बातमी कळली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पोरांना तरी खरं लिहिता येईल."

म्हणून आम्ही म्हणतो, कोणते दार कोणाचे हे शिका. सत्ता एका खुर्चीत साठवलेली नसते. ती वाटलेली असते. काही सुप्रीम कोर्टात, काही संसदेत, काही मंत्रालयात, आणि पुष्कळशी एखाद्या कारकुनाच्या टेबलावर.

आता त्या अकरा मुलांच्या शिष्यवृत्तीचे काय झाले ते सांगतो. दिल्लीचे उत्तर आल्यावर आम्ही नीट चौकशीला बसलो. भारत सरकार शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के, हे आम्हाला कळले. फॉर्म आधी कॉलेजने तपासून पुढे पाठवायचा, हेही कळले. मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला. प्रश्न एकच. या अकरा अर्जांवर आज कोणाची कार्यवाही बाकी आहे, त्याचे पदनाम सांगा. उत्तर आले. फॉर्म दिल्लीत नव्हते, मंत्रालयातही नव्हते. ते कॉलेजच्याच कॉम्प्युटरवर पडून होते, पुढे पाठवायचे बटण कोणी दाबले नव्हते. आपल्या विहारापासून चालत वीस मिनिटांवर! आमचे निवेदन दिल्लीला जाऊन आले, आणि काम इथे गल्लीच्या टोकाला होते. पालकांना घेऊन प्राचार्यांना भेटलो. नऊ मुलांचे पैसे तीन महिन्यांत आले. दोघांची मुदत गेली होती. त्या दोघांपैकी एका मुलीने मध्येच कॉलेज सोडले. ती आज इथे समोर बसली आहे. दिल्लीच्या उत्तराची वाट पाहण्यात आम्ही जे दोन महिने घालवले, ते तिचे होते. ही चूक आमची आहे, आणि ती आम्ही सर्वांसमोर कबूल करतो. कमिटीने तिचे पुढच्या वर्षाचे पैसे भरायचे ठरवले आहे. तिने पुन्हा नाव घालावे, ही आमची विनंती.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात एक इशारा दिला. धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल, पण राजकारणात भक्ती अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते. त्याच भाषणात त्यांनी आठवण करून दिली, की संसदीय पद्धत आपल्याला परकी नाही. भिक्खू संघात बसण्याची रीत होती, ठराव मांडण्याचे नियम होते, गणसंख्या होती, मतदान होते. आपले शास्ते स्वतःमागे कोणाला गादीवर बसवून गेले नाहीत. धम्म हाच मार्गदाता असे सांगून गेले. जी परंपरा अशी, तिच्या लोकांनी एका मोठ्या माणसाच्या सहीची वाट बघत बसावे, हे शोभत नाही.

तेव्हा त्या पोराला उत्तर असे. राष्ट्रपती आहेत ते संविधान राखायला, घाईने चाललेल्या सरकारला एकदा थांबवायला, आणि राष्ट्राचा निर्णय जाहीर करायला. तुझी शिष्यवृत्ती आणायला नाहीत. त्यासाठी तू आहेस, आम्ही आहोत, तुझा आमदार आणि खासदार आहे, माहितीचा अर्ज आहे. राष्ट्रपतींचा मान राख, पण अर्ज योग्य दारात टाक.

आजपासून दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास याच जागेवर संविधानाचे वाचन करू, असा आमचा प्रस्ताव आहे. सूचक आम्ही. अनुमोदक तुमच्यातून कोणीतरी उभे राहावे. ठराव मंजूर झाला तर अध्यक्षसाहेब सही करतीलच!

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय! जय भीम! जय संविधान!